ओळखपत्र दाखवलं, पुढे त्या नोंदीचं काय होतं?

ओळखपत्रं, त्यावरचे नंबर, अंगठे, चेहरे आणि या सगळ्यात आपलं खासगी आयुष्य किती उरतं यावर प्रश्न पाठवा असं गेल्या अंकात म्हटलं होतं, बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. विषय खासगीपणाचा असल्यामुळे नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : मी टॅक्स भरतो, आयुष्यात कधी पोलीस स्टेशनची पायरी चढलो नाही, माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही. मग सरकारकडे माझी सगळी माहिती एकाच नंबरखाली असली तर बिघडलं कुठे? प्रायव्हसीचा उगाच बाऊ होतोय असं मला वाटतं. (एक निवृत्त वाचक)

काका, लपवण्यासारखं काही नाही हे आजच्या कायद्यापुरतं आणि आजच्या सरकारपुरतं खरं असतं, नोंद मात्र सरकार बदललं तरी जागेवरच राहते. नेदरलँड्सचं बघा. दुसऱ्या महायुद्धाआधी तिथली लोकसंख्येची नोंद अगदी चोख होती, कोण कुठं राहतो, धर्म कोणता, सगळं लिहिलेलं, आणि ते कोणी वाईट हेतूनं लिहिलं नव्हतं, रोजच्या सरकारी कामासाठी लिहिलं होतं. १९४० मध्ये जर्मन सैन्य आलं आणि तेच रेकॉर्ड त्यांच्या हाती पडलं. याकोब लेन्ट्स या डच अधिकाऱ्यानं असं ओळखपत्र तयार करून दिलं की त्याची नक्कल करणं फार कठीण, १९४१ पासून ते सक्तीचं झालं आणि ज्यूंच्या कार्डावर ‘जे’ अक्षराचा शिक्का बसला. देशातल्या साधारण १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून जास्त मारले गेले. २७ मार्च १९४३ च्या रात्री भूमिगत चळवळीतली काही माणसं पोलिसांचे कपडे घालून अ‍ॅमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरली आणि जमेल तेवढी कार्डं त्यांनी जाळली, नंतर त्यातल्या बारा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. शस्त्रागार नव्हतं ते, रेकॉर्ड रूम होती, तरी माणसं जिवावर उदार होऊन तिथं गेली. रवांडातही ओळखपत्रावर माणूस हुतू की तुत्सी, म्हणजे तिथल्या दोन जमातींपैकी कोणत्या जमातीचा, हे छापलेलं असायचं, बेल्जियमच्या राजवटीत सुरू झालेली ती पद्धत स्वातंत्र्यानंतरही तशीच राहिली आणि १९९४ च्या नरसंहारात रस्त्यावरच्या नाक्यानाक्यावर कार्ड बघून तुत्सी माणसं मारली गेली.

तुम्ही म्हणाल ही टोकाची उदाहरणं झाली, तो युद्धाचा काळ होता. ठीक आहे, मग युद्ध संपल्यानंतरचं ब्रिटन घ्या. १९३९ ला तिथं ओळखपत्रं आली ती तीन कामांसाठी : सैन्यभरती, सुरक्षा आणि रेशन. युद्ध संपलं तरी कार्डं चालूच राहिली आणि १९५० पर्यंत ती नोंद ३९ सरकारी खाती वापरत होती. डिसेंबर १९५० मध्ये लंडनमध्ये क्लॅरेन्स विलकॉक या माणसाची गाडी पोलिसानं थांबवली, कार्ड मागितलं, त्यानं दाखवायला नकार दिला आणि केस कोर्टात गेली. तो केस हरला, पण मुख्य न्यायमूर्ती गॉडार्ड यांनी स्पष्ट सांगितलं की युद्धासाठी केलेला कायदा भलत्या कामाला वापरला तर कायदा पाळणारी माणसंच कायदा मोडायला लागतात. फेब्रुवारी १९५२ मध्ये कार्डं बंद झाली. २००६ मध्ये कायदा करून परत आणली, २०१० मध्ये नव्या सरकारनं तो कायदा रद्द केला, जमवलेलं रजिस्टरसुद्धा नष्ट केलं, आणि २०२५ मध्ये डिजिटल ओळखीच्या घोषणेनं तोच वाद तिथं पुन्हा सुरू झाला. माझं म्हणणं एवढंच की एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला लागणं ही नेहमीची गोष्ट आहे, त्यासाठी हुकूमशहा यावा लागत नाही, एखादं परिपत्रक पुरतं.

आणि लपवणं म्हणजे गुन्हाच असतो असं कुठंय? मानसिक आजाराची गोळी, डोक्यावरचं कर्ज, मूल व्हावं म्हणून चाललेली ट्रीटमेंट, ऑफिसला न सांगता दिलेला दुसरीकडचा इंटरव्ह्यू, यात गुन्हा कुठला? नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून दुसऱ्या गावी राहायला गेलेल्या बाईचा नवा पत्ता सगळ्या खात्यांत एका नंबरला जोडलेला असेल आणि नवऱ्याचा एखादा मित्र त्यातल्या एका खात्यात कॉम्प्युटरवर बसत असेल, तर तिच्या दृष्टीनं प्रायव्हसी हा बाऊ नाही, जिवाचा प्रश्न आहे. तुमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही हे मला मान्य आहे, पण नियम तिच्यासाठीही तेच असतात ना काका.

प्रश्न : माझी फिरतीची नोकरी आहे. लॉज, कंपन्यांचे गेट, ऑफिसं, जिथं जाईन तिथं आधारची झेरॉक्स मागतात. परवा एका ठिकाणी काउंटरवरच्या मुलानं विचारलंसुद्धा नाही, सरळ स्वतःच्या मोबाइलवर कार्डाचा फोटो काढला. नाही म्हणता येतं का? (एक वाचक)

येतं, आणि म्हणायला हवंच. त्या मुलाच्या मोबाइलमध्ये तुमच्या कार्डाचं काय होतं ते डोळ्यांसमोर आणा : फोटो गॅलरीत पडला, तिथून आपोआप क्लाउडवर बॅकअप झाला, मॅनेजरला दाखवायला म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला, ग्रुपमधल्या दहाबारा जणांच्या फोनमध्ये आपोआप डाउनलोड झाला. पुढच्या महिन्यात त्यानं नोकरी सोडली, फोन विकला. तुमचं नाव, जन्मतारीख, पत्ता, नंबर, फोटो सगळं त्यात आहे आणि तो कोणाकोणाकडे पोचला हे आता त्या मुलालाही सांगता येणार नाही.

इथं एक फरक नीट धरून ठेवा. ओळख पटवणं हे एक काम आणि नोंद ठेवणं हे दुसरं. समोरचा माणूस कार्डावरचाच आहे ना हे कार्ड हातात घेऊन, चेहरा बघून कळतं, त्याला झेरॉक्स लागत नाही. आणि झेरॉक्सनं ओळख तर पटतच नाही, कोणीही कोणाचीही झेरॉक्स घेऊन जाऊ शकतं, म्हणून तर दुसऱ्याच्या कागदांवर सिम कार्डं निघतात. लॉजवाल्यांना राहणाऱ्याची नोंद ठेवावी लागते हे खरं, पण त्यासाठी आधारच पाहिजे असं नाही, दुसरं ओळखपत्रही चालतं. आधारच द्यायची वेळ आली तर मास्क्ड आधार द्या, त्यात १२ आकड्यांपैकी शेवटचे चारच दिसतात आणि ते आधारच्या वेबसाइटवरून फुकट डाउनलोड होतं. जिथं नंबर टाकून पडताळणी करायची असते तिथं १६ आकडी व्हर्च्युअल आयडी वापरता येतो, तो तुम्ही हवा तेव्हा बदलू शकता. कार्डावरचा क्यूआर कोड इंटरनेटशिवायही तपासता येतो. झेरॉक्स द्यावीच लागली तर अक्षरांवरूनच आडवं लिहा, कोणाला दिली, कशासाठी आणि तारीख काय. मागे लिहून उपयोग नाही, मागची बाजू कोणी बघत नाही.

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयानं अशी सूचना काढली होती की परवाना नसलेल्या हॉटेलांना वगैरे आधारची कॉपी घेण्याचा अधिकारच नाही. दोन दिवसांत ती मागे घेतली, कारण दिलं की लोकांचा गैरसमज होईल. मला विचाराल तर मागे घ्यायला नको होती, गैरसमज झाला असता तर तो लोकांच्या फायद्याचाच झाला असता.

प्रश्न : कार्डापेक्षा आपला फोनच आपल्याबद्दल जास्त जाणतो. लोकेशन, फोटो, गप्पा सगळं आपण हौसेनं कंपन्यांना देतो आणि सरकारी कार्ड आलं की प्रायव्हसी आठवते. हे दुटप्पी नाही का? (एक कॉलेजवयीन वाचक)

तुझं अर्धं बरोबर आहे. फोन खरंच जास्त जाणतो. २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, १५ लाख मोबाइलधारकांच्या १५ महिन्यांच्या डेटावर, नावं काढून टाकलेली होती. तरी माणूस कधी आणि कुठे होता अशा नुसत्या चार नोंदी मिळाल्या तर ९५ टक्के लोक त्या गर्दीतून वेगळे काढता येतात असं निघालं. सकाळी घर, दुपारी ऑफिस, रविवारी आईकडे, एवढ्यात काम झालं. म्हणून कोणी ‘आम्ही फक्त निनावी डेटा घेतो’ म्हणालं की मी तरी विश्वास ठेवत नाही.

पण एखादं अ‍ॅप नको झालं तर काढून टाकता येतं, लोकेशन बंद करता येतं, थोडा त्रास होतो पण जमतं. पेन्शन, बँक, टॅक्स, परीक्षा यांना जोडलेला नंबर काढून टाकता येत नाही. आणि खरी काळजी या दोन्ही गोष्टी एकमेकांना जोडल्या जातात त्याची आहे, म्हणजे फोनला माहीत असतं हा माणूस कुठे कुठे जातो, कार्डाला माहीत असतं हा माणूस कोण आहे, सिम कार्ड ओळखपत्रावर निघालं की दोन्ही टोकं जुळली. त्यामुळे एकाविरुद्ध बोलायचं आणि दुसऱ्याला सोडायचं असं नको, दोघांनाही तेच नियम लावायचे.

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची आहे, सगळं आयुष्य शेतात राबली. दरवर्षी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेलं की मशीन तिचा अंगठा घेत नाही. पुसून, पाणी लावून, एकेक करत दहाही बोटं लावून होतात, मागे रांग कुरकुरते आणि तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकलंय. गेल्या वेळी रडली. काय करावं? (एक वाचक)

ताई, सगळ्यात आधी आईंना सांगा की त्यांचं काहीही चुकलेलं नाही. बोटांवरच्या रेषा कष्टानं झिजतात, वयानं त्वचा कोरडी आणि सैल होते, मशीनची काच मळलेली असते, आणि यातल्या एकाही गोष्टीवर त्यांचा इलाज नाही. अंगठा न उमटणं हे मशीनचं अपयश आहे आणि ते माणसाच्या माथी मारलं जातं याचा मला मनापासून राग येतो.

आता व्यवहाराचं. डिजिटल हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा हा एकच मार्ग नाही. डोळ्यांच्या बुबुळावरून होतं, आणि नोव्हेंबर २०२१ पासून अँड्रॉइड फोनवर चेहरा दाखवूनही होतं, म्हणजे घरी अंगणात उजेडात बसवून तुम्ही करून देऊ शकता, रांग नाही की काही नाही. तेही नाही जमलं तर कागदावरचा दाखला बंद झालेला नाही, अधिकाऱ्यासमोर सही करून किंवा अंगठा उमटवून देता येतो. कोणी काउंटरवरून ‘सिस्टीम घेत नाही, उद्या या’ म्हणालं तर तेवढ्यावर परत फिरू नका, अंगठा का घेतला नाही हे लेखी द्या म्हणा. आधारच्या खटल्यात, २०१८ मध्ये, सरकारनं सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं होतं की मशीननं ओळखलं नाही म्हणून कोणाचा लाभ बंद होणार नाही, न्यायालयानं ते निकालात नोंदवलंय. आधार नोंदणीला बरीच वर्षं झाली असतील तर एकदा बोटांचे ठसे अपडेटही करून घ्या, काहींना त्यानं फरक पडतो.

या प्रश्नावर आणखी थोडं लिहायचंय कारण बोटांचे ठसे आणि चेहरा याबद्दल एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. मशीनला दोन वेगवेगळे प्रश्न विचारता येतात. ‘ही बाई म्हणते ती हीच का?’ हा एक, त्यात एकाच नोंदीशी ताडून बघायचं असतं. ‘ही बाई कोण?’ हा दुसरा, त्यात लाखो करोडो नोंदींत शोधायचं असतं, आणि नोंदी जितक्या जास्त तितकी भलत्याच माणसाशी जुळण्याची शक्यता वाढते. पहिला प्रश्न दाखल्यासाठी ठीक आहे. दुसरा रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांना विचारला की निरपराध माणूस पकडला जातो, २०२० मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या पोलिसांनी एका माणसाला त्याच्या बायको आणि मुलींसमोर हातकड्या घालून नेलं होतं, सॉफ्टवेअरनं चुकीचा चेहरा जुळवला म्हणून. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेनं डिसेंबर २०१९ मध्ये असं दाखवून दिलं की बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांबाबत चुकीनं जुळण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या तुलनेत १० ते १०० पट आहे. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोटं कुठून बदलणार? म्हणून आधारच्या वेबसाइटवरून बायोमेट्रिक, म्हणजे ठसे, बुबुळ आणि चेहऱ्याची नोंद, लॉक करून ठेवा आणि गरज पडेल तेवढ्यापुरतं उघडा, आईंचंसुद्धा. तिथंच गेल्या सहा महिन्यांत तुमचा नंबर कोणी कधी तपासला याची यादीही बघायला मिळते, महिन्यातून एकदा नजर टाकायला हरकत नाही.

प्रश्न : मग तुमचं म्हणणं ओळखपत्रच नको असं आहे का?

अजिबात नाही. ज्याच्याकडे कुठलाच कागद नाही त्याचे हाल बघितलेत का कधी? खातं नाही, शाळेचा दाखला नाही, जमिनीवर हक्क सांगता येत नाही. वर्ल्ड बँकेच्या अंदाजानं जगात ८५ कोटींच्या आसपास लोकांकडे अधिकृत ओळखच नाही, आणि त्यात गरीब आणि बायका जास्त. कार्ड हवंच, भांडण आहे ते त्यामागच्या वहीबद्दल. ती वही कोणी उघडायची, किती दिवस ठेवायची, आणि ती उघडल्याचं मला कळणार का?

हे जमवता येतं. युरोपातल्या एस्टोनियात २००२ पासून कार्ड आहे, मतदानापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत सगळं त्यावर चालतं, पण तिथला नागरिक लॉगिन करून बघू शकतो की माझी नोंद कोणत्या खात्यानं कधी उघडली, विनाकारण डोकावणाऱ्याला जाब विचारता येतो. जर्मनीच्या कार्डात वय सिद्ध करायची सोय अशी आहे की समोरच्याला १८ पूर्ण आहेत की नाही एवढंच कळतं, जन्मतारीख कळत नाही. तिथल्या घटना न्यायालयानं १९८३ मध्येच, जनगणनेच्या खटल्यात, स्वतःची माहिती कोणी कशी वापरायची हे ठरवण्याचा हक्क ज्याची माहिती आहे त्याचा, असा निकाल दिला होता. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुढच्याच वर्षी २६ सप्टेंबरला आधार चार विरुद्ध एक मतानं टिकलं, पण बँक खातं आणि सिमला सक्ती काढली, खासगी कंपन्यांना वाट्टेल तसं वापरू देणारं कलम ५७ तेवढ्यापुरतं रद्द केलं, आणि पडताळणीच्या नोंदी पाच वर्षांऐवजी सहाच महिने ठेवायला सांगितलं. या शेवटच्या मुद्द्याची बातम्यांत फारशी चर्चा झाली नाही, मला तो निकालातला फार मोलाचा भाग वाटतो, कारण जी नोंद पुसली गेली ती कोणाच्याच हाती लागत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं बँका आणि मोबाइल कंपन्यांना ऐच्छिक म्हणून दार परत किलकिलं झालंच, आणि काउंटरवर ऐच्छिक म्हणजे काय होतं ते आपण सगळे बघतो.

प्रश्न : माहिती फुटली तर नंबर बदलून मिळतो का?

आधार क्रमांक सहसा बदलत नाही, व्हर्च्युअल आयडी मात्र कितीही वेळा बदला. एस्टोनियात २०१७ मध्ये साडेसात लाखांच्या आसपास कार्डांच्या चिपमध्ये दोष निघाला तेव्हा त्यांनी कार्डातली जुनी डिजिटल प्रमाणपत्रं बंद करून नवी दिली, बदलायची सोय आधीपासून होती म्हणून निभावलं.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. आमच्या शाळेत हजेरीसाठी मुलांचे चेहरे स्कॅन करणारं मशीन आणायचं चाललंय. पालकांच्या संमतीचा फॉर्म निघणार आहे. मला आतून पटत नाहीये पण मीटिंगमध्ये नेमकं काय बोलावं कळत नाही.

तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे. स्वीडनमध्ये शेलेफ्टेओ नावाच्या गावातल्या एका शाळेनं हेच केलं होतं, बावीस मुलांवर प्रयोग, पालकांची संमती घेऊन. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या डेटा संरक्षण संस्थेनं दंड केला. म्हणणं असं की शाळा आणि विद्यार्थी बरोबरीच्या जागी नसतात, शाळेनं फॉर्म दिला की पालक सही करणारच, ती खरी संमती नव्हे, आणि हजेरी घ्यायचे याहून कमी घुसखोरीचे मार्ग आहेत. मला हे दोन्ही मुद्दे बिनतोड वाटतात. सहा वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्याची नोंद त्याला स्वतःला काही कळायच्या आधी एका कंपनीकडे जाते, आणि कशासाठी तर दहा मिनिटं वाचावीत म्हणून.

मीटिंगमध्ये तत्त्वाचं भाषण केलंत तर लोक माना डोलावून विषय पुढे ढकलतील, त्यापेक्षा प्रश्न विचारा. चेहऱ्यांचा डेटा शाळेच्या कॉम्प्युटरवर राहणार की कंपनीच्या सर्व्हरवर? मूल शाळा सोडून गेलं की किती दिवसांत पुसणार आणि पुसल्याचं लेखी कोण देणार? कंपनी बंद पडली किंवा विकली गेली तर? ज्या पालकांनी नाही म्हटलं त्यांच्या मुलांची हजेरी कशी घेणार, आणि वर्गात ती मुलं वेगळी पडणार नाहीत हे कोण बघणार? मशीननं एखाद्या हजर मुलाला गैरहजर दाखवलं तर शब्द कोणाचा मानायचा, तुमचा की मशीनचा? हे सगळं मुख्याध्यापकांना मीटिंगआधी कागदावर द्या, दोनचार पालकांच्या सह्या सोबत असल्या तर आणखी चांगलं, आणि उत्तरं लेखी येईपर्यंत वहीतली हजेरी चालू ठेवा.